तात्या विंचू परत येतोय: सांगलीतल्या एका चाहतीला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महेश कोठारे यांनी 'झपाटलेला'च्या तिसऱ्या भागाची घोषणा केल्यापासून मला रोज कुणी ना कुणी गाठतं. शिवणवर्गातल्या मुली, समोरचे किराणावाले काका, पुण्याहून फोन करणारा दादा आणि त्याची बारा वर्षांची लेक. हा सिनेमा माझ्या किती जवळचा आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, तेव्हा उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

ताई, एका बाहुल्याच्या सिनेमावर तुमचा एवढा जीव कसा काय?

१९९३ साली सिनेमा आला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. सगळ्या घरानं थिएटरात जावं अशी तेव्हा आमची परिस्थिती नव्हती. मी तो पाहिला त्यानंतरच्या एका गणपतीत, मंडळानं गल्लीच्या तोंडाशी बांधलेल्या पांढऱ्या पडद्यावर. पुढची जागा मोठ्या पोरांनी संध्याकाळीच अडवून ठेवली होती, म्हणून आम्ही लहान पोरं पडद्याच्या मागच्या बाजूला पोती टाकून बसलो. मागून सगळं उलटं दिसतं. पाट्यांवरची अक्षरं उलटी, डावा हात उजवा. वारं आलं की पडदा फुगायचा आणि बाहुल्याचं तोंड आमच्या अंगावर यायचं.

त्या रात्री मी दोनदा दचकून उठले. दुसऱ्या रात्री पुन्हा. तिसऱ्या दिवशी आईनं वडिलांच्या एका विरलेल्या शर्टाचा बाहुला शिवला, आत चिंध्या भरल्या, दोन वेगवेगळ्या रंगांची बटणं डोळे म्हणून लावली आणि कोळशानं भुवया काढल्या. माझ्या हातात देत म्हणाली, "हा तुझा. तू बोलशील तेच हा बोलणार." मी त्याच्या पाठीत हात घालून बोलायला लागले आणि भीती गेली. पुढं त्याचा सदरा उसवून पुन्हा शिवता शिवता मला शिवण येऊ लागलं. आज माझं पोट त्याच कामावर चालतं. म्हणून जीव आहे.

मी पाहिलेलाच नाही. थोडक्यात गोष्ट काय आहे?

तात्या विंचू हा गुंड पोलिसांच्या गोळीनं मरायला टेकतो आणि मंत्राच्या जोरावर आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो. तो बाहुला जाऊन पोचतो लक्ष्याकडे, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे यांच्याकडे. लक्ष्या भोळा, त्याला बोलक्या बाहुल्यांचं वेड. तात्याला पुन्हा माणूस व्हायचं असेल तर लक्ष्याचंच शरीर लागणार असतं. मागावर इन्स्पेक्टर महेश जाधव, ते काम स्वतः दिग्दर्शक कोठारे यांनी केलं. आईच्या भूमिकेत मधू कांबीकर, हवालदार विजय चव्हाण, मांत्रिक बाबा चमत्कार म्हणजे राघवेंद्र कडकोळ. तात्या विंचू माणूस असतानाही आणि बाहुला झाल्यावर आवाजानंही दिलीप प्रभावळकर.

कोणता भाग आधी बघायचा? 'पछाडलेला' यातच येतो का?

आधी १९९३ चा, मग २०१३ चा दुसरा भाग. 'पछाडलेला' (२००४) कोठारे यांचाच, पण त्याची गोष्ट वेगळी आहे, त्यात तात्या विंचू नाही. हिंदीत 'खिलौना बना खलनायक' नावानं कुणी काही दाखवलं तर तो पहिल्या भागाचा हिंदी अवतार समजा. मराठीतच बघा. प्रभावळकरांच्या आवाजातला तो घोगरा, चिडका हेल दुसऱ्या भाषेत उतरत नाही.

हा इंग्रजी सिनेमावरून घेतलाय ना? मग एवढं कौतुक कशाला?

बीज तिकडचं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेत १९८८ साली 'चाइल्ड्स प्ले' आला. त्यातही पोलिसांच्या गोळीनं घायाळ झालेला गुन्हेगार मंत्र म्हणून बाहुल्यात शिरतो. पण पुढं काय बदललं ते बघा. तिकडं तो बाहुला पडतो सहा वर्षांच्या मुलाच्या हातात. लहान मुलाचं कुणी ऐकत नाही, म्हणून आपल्याला भीती वाटते. आपल्याकडं बाहुला पडतो एका वाढलेल्या, कमावत्या वयाच्या माणसाच्या हातात, ज्याचं बालपण संपलेलंच नाही. त्याचंही कुणी ऐकत नाही, पण त्यामागं कारुण्य आहे. गावात प्रत्येकाला असा एक माणूस माहीत असतो. आणि हा माणूस शब्दभ्रमाचे, म्हणजे ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करायचे, प्रयोग करणारा आहे, त्यामुळं बाहुला बोलला तरी लोकांना वाटतं की हाच बोलतोय. ही गाठ मूळ इंग्रजी गोष्टीत नाही. ती इथं मारली गेली आणि सगळा विनोद आणि सगळी कोंडी तिच्यातूनच निघते.

शब्दभ्रमाबद्दल एक सांगून टाकते. ओठ न हलवता बोलायचं तर प, फ, ब, भ, म ही अक्षरं सगळ्यात अवघड, कारण ती ओठ मिटल्याशिवाय येत नाहीत. कलाकार जीभ वेगळ्या जागी लावून त्यांचा भास निर्माण करतात. आता 'तात्या विंचू' हे नाव म्हणून बघा. ओठ एकदाही मिटत नाहीत. 'लक्ष्या' म्हणा, तिथंही नाही. आणि 'बाबा' म्हणायला गेलात की लगेच पकडले जाल. हे मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही, पण लहानपणी आरशासमोर बसून मला हे सापडलं तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो.

सांगलीचा आणि तात्या विंचूचा काय संबंध?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण सांगलीतल्याच माणसांना हे माहीत नसतं.

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं 'सीतास्वयंवर'चा प्रयोग केला, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. त्या प्रयोगामुळंच ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन आणि आपलं गाव नाट्यपंढरी. पण भावे खेळ करण्यासाठी लाकडी बाहुल्याही बनवायचे. नाटकाचं नाव मोठं झालं आणि बाहुल्या मागं पडल्या. पुष्कळ वर्षांनी त्या जुन्या, मोडकळीला आलेल्या बाहुल्या शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्या हाती आल्या. त्यांनी त्या दुरुस्त केल्या आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या केल्या.

आणि तात्या विंचूचा बाहुला कुणी केला? त्याच रामदास पाध्ये यांनी. त्यांचे वडील य. के. पाध्ये यांचा बोलका बाहुला अर्धवटराव घराघरात माहीत होता, रामदासजींनी तो पुढं नेला. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला हसणारा ससा आठवतो का? तोही पाध्यांचाच. म्हणजे सांगलीत भाव्यांनी ज्या कामाला हात घातला त्याच कामातला एक हात तात्या विंचूपर्यंत येऊन पोचतो. मी भावे नाट्यमंदिरावरून जाते तेव्हा मला पडद्यामागं पोत्यावर बसून सिनेमा पाहिला तो गणपती आठवतो, तो उगाच नाही.

आता तर सगळं संगणकावर होतं. बाहुलाही तसाच केला तर बिघडलं कुठं?

बिघडेल. बोलक्या बाहुल्याच्या आत तरफा आणि दोऱ्या असतात, एक जबड्याची, एक डोळ्यांची, एक भुवयांची. त्या ओढणारा माणूस क्षणभर आधी किंवा क्षणभर उशिरा ओढतो. हा जो बारीकसा उशीर आहे ना, तोच अंगावर काटा आणतो. बाहुला मान वळवतो, थांबतो आणि मग डोळे वळतात. माणसाचे डोळे आधी वळतात, मान नंतर. बाहुल्याचं उलटं होतं आणि आपल्या पोटात गोळा येतो. संगणकावर काम करणारे हुशार लोक ही चूक 'सुधारतील' याची मला धास्ती आहे. मऊ हालचाल, मांसल गाल, पाणीदार डोळे दिले की तो बाहुला राहणार नाही, एक बुटका माणूस होईल.

अमेरिकेतल्या त्या बाहुल्याचीच हकिगत बघा. २०१९ साली गोष्ट नव्यानं केली तेव्हा त्यांनी आत्मा आणि मंत्र काढून टाकले, बाहुल्यात बिघडवलेली चिप घातली आणि आवाजही बदलला. दुसरीकडं मूळ लेखकानं आपली मालिका खऱ्या हलत्या बाहुल्यावर आणि १९८८ पासूनच्या त्याच नटाच्या आवाजावर २०२४ पर्यंत चालवली. लोक कुणाकडं राहिले? मी तरी बाहुल्याकडं राहिले.

तारा पुसायला, मागचा हात लपवायला संगणक वापरा, खुशाल वापरा. मीही शिवताना आतून अस्तर लावते, ते कुणाला दिसत नाही. पण कापड खरं पाहिजे.

एआयच्या मदतीनं लक्ष्मीकांत बेर्डे पुन्हा दिसणार म्हणतात. तुम्हाला आनंद झाला असेल?

नाही झाला. हे लिहायला मला जड जातंय, कारण लक्ष्या पुन्हा दिसावा असं माझ्याइतकं कुणाला वाटणार?

कोठारे यांनी हा विचार मुलाखतींत बोलून दाखवला आहे आणि त्यांच्या हेतूबद्दल माझ्या मनात शंका नाही. 'धुमधडाका' (१९८५), 'दे दणादण' (१९८७), 'थरथराट' (१९८९), 'धडाकेबाज' (१९९०), इतकी वर्षं ज्याच्या जोडीनं काम केलं तो सोबती डिसेंबर २००४ मध्ये गेला. तो पडद्यावर परत हवा असं वाटणं ही माया आहे.

पण तुम्ही पहिला भाग पुन्हा लावा आणि एक करा. बाहुला आणि लक्ष्या समोरासमोर आले की बाहुल्याकडं अजिबात बघू नका, फक्त लक्ष्याकडं बघा. त्याची नजर बाहुल्याच्या डोळ्यांच्या उंचीवर खिळलेली असते, इकडची तिकडं होत नाही. शब्द तोंडाशी येतो आणि अर्धा गिळला जातो. आधी हसू फुटायला लागतं आणि ते मध्येच थिजतं. तो लाकडाच्या तुकड्याचं बोलणं खरोखर ऐकतोय. बाहुल्यात जीव आहे हे आपल्याला बाहुल्यामुळं पटत नाही, लक्ष्याच्या चेहऱ्यामुळं पटतं. त्या चौकटीत एक निर्जीव होता आणि एक जिवंत, आणि जिवंतानं आपला जीव निर्जीवाला वाटून दिला होता. उद्या लक्ष्याही यंत्रानं तयार केलेला असेल तर दोघांपैकी जीव कुणाकडं असणार? कोण कुणाला घाबरणार?

जगात हे आधी झालेलं आहे. २०१६ च्या एका स्टार वॉर्स चित्रपटात पीटर कुशिंग यांचा चेहरा दुसऱ्या नटावर चढवला होता, ते १९९४ सालीच गेलेले. २०२४ साली एलियन मालिकेतल्या चित्रपटात इयान होम यांना असंच आणलं, घरच्यांच्या संमतीनं. दोन्ही वेळा चेहरा ओळखू येतो, पण त्यावर नजर ठरत नाही, सारखी घसरते. ते तर गंभीर प्रसंग होते. विनोदाची वेळ साधणं त्याहून नाजूक काम. बेर्डे एखादं वाक्य कुठं तोडतील हे समोरच्या नटालाही कळायचं नाही असं वाटावं, इतकं ते सहज होतं. जुन्या सिनेमांवरून शिकून यंत्र काय करेल? त्यांनी आधी तोडलेल्या जागीच पुन्हा तोडेल.

आणि संमती. वारस हो म्हणू शकतात, तो त्यांचा हक्क. पण नट शॉट झाल्यावर म्हणतो ना, "हा नीट नाही झाला, अजून एक घेऊ"? ते आता त्यांना म्हणता येणार नाही.

मग लक्ष्याशिवायच तिसरा भाग करायचा?

लक्ष्याची उणीव दाखवून करायचा. भिंतीवर फोटो असू दे. पहिल्या भागातली खरी दृश्यं आठवण म्हणून येऊ देत, ती तर त्यांनी स्वतः केलेली आहेत. एखादी जुनी कॅसेट वाजू दे आणि त्यातून त्यांचाच मूळ आवाज येऊ दे. तात्या विंचूला ज्या एका माणसाचं शरीर हवं होतं तो माणूसच आता जगात नाही, ही केवढी मोठी गोष्ट आहे! तात्यानं त्याला शोधत यावं आणि तो नाही हे त्याला कळावं. तो बाहुला फोटोसमोर उभा आहे आणि त्याला काय बोलावं ते सुचत नाही, एवढं एक दृश्य मिळालं तरी मी तिकिटाचे पैसे वसूल झाले म्हणेन.

अभिनय बेर्डे यांना घ्यावं का, असंही विचारतात. घ्यावं, पण वडिलांची नक्कल करायला लावू नये. त्या मुलाला त्याचं स्वतःचं काम द्यावं.

आवाज कुणाचा हवा?

प्रभावळकरांचा. त्यांचा जन्म १९४४ चा, म्हणजे वयाची ऐंशी उलटली. झेपत असेल आणि मनात असेल तर त्यांनीच करावा. नसेल तर कुणा तरुण नटाला त्यांच्यासमोर बसवून शिकवून घ्यावा. गाणं असंच शिकवतात, शिवणही असंच शिकवतात.

दुसरा भाग तुम्हाला आवडला नव्हता, खरं ना?

अर्धं खरं. २०१३ च्या जूनमध्ये तो आला, मराठीतला पहिला थ्रीडी म्हणून. चष्मा लावून बाहुला अंगावर आला तेव्हा मला वाऱ्यानं फुगलेला तो पडदा आठवला आणि डोळे भरून आले. आदिनाथ कोठारे यांचा लक्ष्याचा मुलगा मला पटला. बाहुला तोच होता, आवाज तोच होता, ही मोठी गोष्ट. पण वस्तू प्रेक्षकांवर फेकण्याच्या नादात गाव हरवलं. पहिल्या भागातलं गाव आठवतं, तिथली माणसं एकमेकांना हाक मारतात, एकमेकांच्या घरात शिरतात. दुसऱ्यात गर्दी आहे, गाव नाही. तिसऱ्यात ते परत आलं पाहिजे.

मंत्रतंत्राचा सिनेमा. अंधश्रद्धा वाढत नाही का यानं?

हा प्रश्न मला साताऱ्याच्या माझ्या नणंदेनं विचारला आणि तो मी हसण्यावारी नेला नाही. सातारा हे डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं गाव. दुसरा भाग आला त्याच वर्षी, २० ऑगस्ट २०१३ रोजी, त्यांचा खून झाला आणि त्या डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले तो पाहायला ते नव्हते. १९९३ मध्ये जे सहज चाललं ते आता तसंच्या तसं चालू नये असं मलाही वाटतं.

पहिल्या भागात मंत्राचा फायदा घ्यायला धावतो तो गुंड, हे त्यातल्या त्यात बरं. नव्या भागात बाबाचं तेज वाढवून त्याला तारणहार करू नये. तात्याला हरवणारा माणूस डोकं चालवून आणि धीरानं हरवणारा असावा. भूत पडद्यावर असू दे, पण लेकराला घेऊन कुणी मांत्रिकाकडं जाईल असं एकही दृश्य नको.

आत्या, मला भीती वाटेल का गं?

वाटेल, बाळा. वाटायलाच हवी. तू पुढच्या रांगेत बस, मी शेजारी आहे. फक्त मोबाइलवर तुकडे बघून येऊ नकोस, नाहीतर भीतीही अर्धी आणि हसूही अर्धं मिळेल.

तुमच्या हातात असतं तर काय केलं असतं?

तिसरा भाग येण्याआधी पहिला भाग स्वच्छ करून थिएटरात पुन्हा लावला असता. ज्यांना लक्ष्या मोठ्या पडद्यावर बघायचाय त्यांना तो असा दाखवता येतो, खराखुरा, कुठलंही यंत्र मध्ये न घालता. माझी भाची त्याला फक्त हाताएवढ्या पडद्यावर ओळखते. आणि सांगली-साताऱ्याच्या थिएटरांत संध्याकाळचा खेळ मिळवून दिला असता. दुपारी बाराच्या खेळाला नोकरी करणारी माणसं कशी येणार? असं होतं आणि मग म्हणतात, मराठीला प्रेक्षक नाही.

पहिल्या दिवशी जाणार का? कुणाबरोबर?

जाणार. आईला घेऊन. ती त्या रात्री गणपतीत आलीच नव्हती, घरी भाकऱ्या थापत होती. बाहुला शिवला तो मी रडत रडत सांगितलेल्या वर्णनावरून. पुढं टीव्हीवर तिनं तो सिनेमा तुकड्या-तुकड्यांनी पाहिला, पण थिएटरात तात्या विंचू तिनं एकदाही पाहिलेला नाही. आता तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत आणि डॉक्टरांनी सिनेमाला परवानगी दिली आहे.

परवा आमच्या बाहुल्याचं एक बटण सैल झालेलं दिसलं. सुईत दोरा भाचीनं ओवला, टाके मी घातले आणि भुवया आईनं पुन्हा काढल्या, कोळशानंच. त्यालाही पिशवीतून नेणार आहे.